सरांची कुपी

३ फेब्रुवारी

सरांना आज 'सेंट्रिफ्यूज' हा शब्द आठवला नाही. आयुष्य गेलं त्या यंत्रासमोर! "अगं ते — गरगर फिरवतं ते — लाव ना." सगळे हसले. मीही. सरसुद्धा हसले, पण जरा उशिरा.

मग नवीन आलेल्या दोघींना फळ्यापाशी उभं करून आमचा कण समजावला तो मात्र असा की मीसुद्धा हातातलं काम सोडून ऐकत राहिले. "मेंदूच्या दारावर खडूस वॉचमन बसलेला असतो. शंभर औषधं आली तर अठ्ठ्याण्णव परत पाठवतो. आपण पुढच्या दारानं जायचंच नाही. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला मेंदूचं मागचं दार आहे. साधे थेंब तिथवर टिकत नाहीत, घशात उतरतात. म्हणून औषध चरबीच्या गोळीत बसवायचं. गोळी केवढी? एक केस घ्या, उभा चिरा, हजार फाकी करा. त्यातली एक फाक! ती चिकटून बसते, हळूच आत सरकते, आणि आत साचलेल्या गुठळ्या विरघळवायला लागते."

एक जण म्हणाली, "म्हणजे विसरलेलं परत आठवणार?"

सर म्हणाले, "निदान राहिलेलं तरी राहील."

१० फेब्रुवारी

उंदरांसाठीची मोठी बॅच उतरली! डिसेंबरच्या छोट्या बॅचसारखेच सगळे कण एका मापाचे. कुपीत पातळ दुधासारखं दिसतं, बघून कुणाला वाटेल चहाला आणलंय.

उंदीरमामा कुप्या घेऊन गेले. प्राणिघराचे डॉक्टर ते — हे नाव आम्हीच ठेवलंय, त्यांना आवडतं. विसरभोळ्या उंदरांच्या नाकात रोज थेंब घालणार. जूनमध्ये समिती बसेल — माणसांना द्यायचं की नाही ते ठरेल.

"जून फार लांब आहे," सर म्हणाले. लांब कसला! आम्हाला वेळ पुरणार नाही.

१९ फेब्रुवारी

सर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभे. हातात कागद. वर जायचंय की खाली, काही कळेना. त्यांना.

"सर, वर येताय ना?"

"वरच, वरच," — सुटलेला हात पटकन धरावा तसं.

वय झालं. होतं सगळ्यांचं. असं मी स्वतःला सांगतेय.

२२ फेब्रुवारी

काकू आल्या होत्या. सरांच्या पत्नी. शाळेत भूमिती शिकवायच्या, अजून प्रमेय सिद्ध केल्यासारख्या बोलतात. बाहेरच्या बाकावर बसल्या, आत यायला तयार नाहीत.

"समजा, एक माणूस गॅस चालू ठेवून फिरायला गेला. एकदा. ठीक. समजा, तोच माणूस परत आला, शेजारच्यांची बेल दाबत बसला, आणि घरात कुणी दार उघडत नाही म्हणून चिडला. म्हणून विचारते — तुला इथे काही दिसतं का?"

"नाही काकू."

सपशेल खोटं! का बोलले? त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. त्यांना 'नाही'च ऐकायचं होतं. ऐकलं, आणि तरी सुटल्यासारखं वाटलं नाही त्यांना. उठून गेल्या.

२७ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहू की नको? इथे नाही लिहिलं तर कुणाजवळ बोलणार?

कोल्ड रूमचं दार लोटलं. सर पाठमोरे, मान मागे टाकलेली, हातात ड्रॉपर. शेजारी कुपी — आमची! उंदरांची!

"सर!"

दचकले नाहीत. नाक चिमटीत धरून, मान तशीच वर. "दार लाव. थंडावा जातोय."

"हे माणसात एकदाही दिलेलं नाही!"

"आता दिलंय."

"कधीपासून?"

"जानेवारी... डिसेंबर? बघ, तेच तर आठवत नाही." आणि हसले!

मग सांगितलं सगळं, फळीवर टेकून. इथे कुणाला कळू नये म्हणून दुसऱ्या शहरात जाऊन स्कॅन काढला. तोच आजार. ज्याच्या मागे उभा जन्म काढला तोच. "पोलिसाच्याच घरी चोरी व्हावी तसं," म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, दोन वर्षं बरी जातील. औषध बाजारात यायला दहा लागतील. वजाबाकी अजून येते मला."

"समितीला कळलं तर सगळं बंद पाडतील."

"म्हणून तर तू बोलणार नाहीस."

"आणि काकूंना?"

"तिला तर मुळीच नाही!" हे मात्र ओरडून.

मी शब्द दिला. ह्या माणसाला नाही म्हणायची सवयच नाही मला. दाराबाहेर आले तेव्हा कळलं, काय कबूल करून बसलेय ते.

२८ फेब्रुवारी

डबा तसाच परत आणला. नवऱ्याला पित्त म्हणून सांगितलं.

८ मार्च

उंदीरमामांनी बाजूला घेतलं. आज एकही विनोद नाही. "बाई, जास्त डोसवाल्यांना झटके येताहेत. उभा असलेला आडवा होतो, पाय झाडतो. एक गेला."

"कमी डोसवाले?"

"ते ठणठणीत. अजून तरी."

तशीच सरांकडे धावले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "मी उंदीर आहे का?"

"सर, चेष्टा नको! तुमचा डोस कुठे बसतो ते कुणालाच माहीत नाही."

"बरं. कमी करतो."

दुपारी पाहिलं — ड्रॉपर तसाच काठोकाठ.

१२ मार्च

नवऱ्याला सांगून टाकलं शेवटी. तो पडला वकील, त्याला आधी कलमं दिसतात, मग माणसं. "कळव. लेखी. आजच्या आज."

"कळवलं की काम बुडालं. सर बुडाले. किती घरं ह्या औषधाकडे डोळे लावून बसलीत!"

"आणि उद्या झटका येऊन जिन्यावरून पडले तर? तुला माहीत होतं हे कुणी विचारलं तर?"

मी ताट सारलं. तो बिचारा मागून आला, म्हणाला, "अगं, तुझ्याविरुद्ध नाही बोलत मी." माहीत आहे. पण बरोबर बोलतोय, हाच तर त्रास आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, शब्द देऊन बसलेली.

१५ मार्च

केलं!

सरांचा कप्पा ठरलेला आहे — कोल्ड रूममध्ये अगदी खालचा. त्यातल्या सगळ्या कुप्या उचलल्या, माझ्या ठेवल्या. माझ्यात औषध नाही, कण नाहीत. पडून असलेल्या रुग्णांना सलाईनमधून पोषणासाठी देतात ती पांढरी चरबी, निर्जंतुक, पातळ केलेली. जुळ्या बहिणी शोभतील. लेबलसुद्धा तसंच चिकटवलं.

त्यांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांच्याच डोळ्यांत धूळ फेकली. पण आता झटका तर येणार नाही! बाहेर येऊन हात धुतले, परत धुतले.

१७ मार्च

सर कोल्ड रूममध्ये गेले, बाहेर आले, रुमालानं नाक टिपलं. माझ्याकडे बघून मान हलवली. काही कळलेलं नाही. हुश्श!

२ एप्रिल

काहीतरी चमत्कारिक होतंय.

आज बैठकीत सरांनी माझ्या आकडेमोडीतली चूक तोंडी काढली. कागदाकडे न बघता! "हा भागाकार परत कर." केला. चूकच होती. गेल्या महिन्यात ह्याच माणसाला माझ्या खोलीचा रस्ता विचारावा लागला होता.

एखादा दिवस बरा जातो. असेल तसंच.

१४ एप्रिल

काकूंचा फोन. आवाज केवढा मोकळा! "अगं, काल मला पत्त्यांत हरवलं! सलग! बाहेर पडलेली पानं लक्षात ठेवून! वर म्हणतात, 'बाईसाहेब, तुमचं लक्ष नाही.' माझं लक्ष नाही म्हणे!" किती तरी वेळ हसत होत्या. "सुट्टी घेतली नाही, औषध नाही, काही नाही. आपोआप! बघ, मी उगाच घाबरले होते."

मी "हो ना काकू" म्हटलं. फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रस्ता खणत होते. कानठळ्या बसवणारा आवाज, पण बरं वाटलं त्या आवाजात.

सर चरबीच्या थेंबांवर सुधारताहेत. नुसत्या भरवशावर! मेंदूला वाटलं औषध मिळालं, आणि मेंदू कामाला लागला. असं होतं, पुस्तकात आहे. पण ते पुस्तकातलं माणूस माझ्यासमोर बसून टाचणीसारखं टोकदार बोलायला लागेल असं कुठे लिहिलं होतं?

नवरा म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला. मग रडतेस कशाला?"

२९ एप्रिल

उंदीरमामांकडून पक्की बातमी — कमी डोसवाले उंदीर पाण्याच्या हौदातून बाहेर पडायची वाट लक्षात ठेवताहेत. एकालाही झटका नाही. "तुमचं औषध चालतंय बाई! पेढे... उंदरांना काय, बिस्किटं वाटतो."

सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या मनात एकच — म्हणजे कमी डोसमध्ये सरांना खरं औषध देता आलं असतं. परत बदलू का कुप्या? आता बरे चाललेत ते, आणि खरं दिलं आणि झटका आला तर? नाही दिलं आणि हा भरवसा संपला तर? मी कोण ठरवणारी! पण ठरवणारी दुसरी आहे कोण? सांगितलं कुणाला आहे मी?

नाही बदलल्या.

२० मे

जे व्हायला नको होतं ते.

सरांनी खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. चेहरा नुसता उजळलेला. "समितीसमोर मी माझी गोष्ट सांगणार. उंदरांचे तक्ते बघून कंटाळतात लोक. मी उभा राहीन आणि म्हणेन — हे बघा, जिवंत पुरावा! आधीचा स्कॅन दाखवीन. आणि समोर मी, असा."

"पण सर — स्वतःवर प्रयोग केला म्हणून —"

"मला काढतील. काढू देत. औषध पुढे जाईल."

जिवंत पुरावा कशाचा? सलाईनच्या चरबीचा. हे समितीसमोर मांडलं आणि त्यावर विसंबून कुणी घाईनं परवानगी दिली, तर पुढे जे लोक हे औषध घेतील त्यांच्याशी मी खोटं बोलल्यासारखं. आणि सांगितलं, तर सरांचा भरवसा जाईल. भरवसा गेला की सरही जातील.

३० मे

सांगायला दोनदा गेले. दोनदा दुसरंच काही विचारून परत आले. आज तर पंख्याच्या दुरुस्तीचं विचारलं.

११ जून

समितीचा दिवस. दमलेय, पण लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सरांनी नवा शर्ट घातला होता. काकूंनी कॉलर नीट केली असणार, ती तशीच ताठ. सभागृहाच्या बाहेर बोळकांडीसारखी जागा आहे, फुटक्या खुर्च्या रचलेल्या. तिथे गाठलं. आता नाही तर कधीच नाही.

"सर, मार्चपासून तुमच्या कुपीत औषध नाहीये. मी बदलल्या कुप्या. झटक्यांच्या भीतीनं. नुसती चरबी आहे ती."

ओरडतील, असं वाटलं. ओरडायला हवं होतं! नुसतं म्हणाले, "चरबी?"

"सलाईनची. निर्धोक. मी —"

"चरबी तर चरबी." एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता हे इथेच बसतील आणि त्यांना आत काय बोलायचं ते आठवणार नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "चल. उशीर होतोय."

आत उंदरांचे तक्ते मीच मांडले. मग सर उठले. कागद नाही, काही नाही.

"मी हे औषध स्वतःच्या नाकात घातलं," म्हणाले. "मला हाच आजार झालाय. घालायला नको होतं, घातलं. मग कुणा शहाण्यानं माझ्या कुपीत बिनऔषधाची चरबी भरून ठेवली. मला पत्ता नाही. आणि मी सुधारलो! पत्त्यांत बायकोला हरवायला लागलो. तुमच्यासमोर आज पुरावा म्हणून उभा राहणार होतो. म्हणून सांगतो — माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्यापैकी कुणाच्याच डोळ्यांवर ठेवू नका. परवानगी द्या, पण डोस लहान ठेवा, अर्ध्या लोकांना खोटे थेंब द्या, आणि कुणाला कोणते दिले ते आम्हालाही कळू देऊ नका."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कुप्या बदलणारा शहाणा कोण?"

"नाव आठवत नाही," सर म्हणाले. "आजारच तो आहे माझा."

हसावं की नाही कुणाला कळेना! सरांनी खिशातून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, आणि निघाले. माझ्या खुर्चीजवळून गेले. बघितलं नाही.

१२ जून

काकू दारात. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच उभ्या.

"काल ह्यांनी सगळं सांगितलं. तुला माहीत होतं. फेब्रुवारीत त्या बाकावर बसून विचारलं तेव्हा."

"तेव्हा नाही काकू, नंतर —"

"आणि नंतर मी फोनवर हसत होते तेव्हा? तेव्हा तर माहीत होतं?"

मी दार आणखी उघडलं.

"दोन महिने मी सुखात होते गं. पाण्यावर! पुढल्या वर्षी कुठे जायचं ते ठरवत होते आम्ही. तू मला तरी सांगायचंस. मी वेड्यासारखी हसले नसते."

नवऱ्यानं पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. चपला घालायची वेळच आली नाही त्यांच्यावर, काढल्याच नव्हत्या.

१९ जुलै

परवानगी आली. सर म्हणाले तश्शीच — लहान डोस, अर्ध्यांना खोटे थेंब, कुणाला काय ते बंद पाकिटात. माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली. मीच जाऊन सांगितलं होतं कुप्यांचं. नवरा म्हणाला, "अशील असावं तर असं. वकिलाच्या आधीच कबुली."

सरांना ह्यात घेता येणार नाही. एकदा औषध घेतलेलं माणूस चालत नाही.

६ सप्टेंबर

सर घसरताहेत. भरभर. उंदीरमामा जाऊन आले भेटून, म्हणाले, "विश्वास उडाला, गुण उडाला." ते सहज बोलले. मी दिवसभर त्याच वाक्यात अडकलेली.

मीच उडवला ना तो.

२१ सप्टेंबर

काकूंनी बोलावलं! फोनवर फक्त, "ये एकदा. दिवसभर एकटीनं बोलायचं म्हणजे किती बोलायचं." गेले. त्यांनी राग सोडलेला नाही, पण बाजूला ठेवलाय, ओली छत्री ठेवतात तसा. चहा दिला. सर पत्ते हातात धरून बसले होते, पंख्यासारखे पसरून, उलटे — चित्रं आमच्याकडे. काकू ते बघूनही मुद्दाम चुकीचं पान टाकत होत्या.

८ ऑक्टोबर

सरांनी आज मला 'तुम्ही' म्हटलं. "तुम्ही कुठल्या खात्यात?"

२५ ऑक्टोबर

पहिल्या तुकडीचे थेंब सुरू झाले. एक बाई आपल्या आईला घेऊन आलेली. आई पलीकडच्या खिडकीकडे बघत होती, लेक माझ्या तोंडाकडे. "हिला खरं मिळालंय का हो? निदान तुम्हाला तरी माहीत असेल."

नाही माहीत. आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

९ नोव्हेंबर

काकूंनी फ्रिज पुसायला काढला. मागच्या बाजूला पत्र्याचा डबा. त्यात रिकाम्या कुप्या, आणि एक अर्धी. "तुझंच ते पाणी ना? टाकून देते." म्हटलं, थांबा, मी घेऊन जाते.

यंत्राखाली घातली. पाणी नाही. सलाईनची चरबीही नाही. आमचेच कण, एका मापाचे, आत औषध. कुप्यांवर सरांच्या अक्षरात तारखा — पहिली मी कुप्या बदलल्यानंतर दोन दिवसांची. शेवटची समितीच्या आदल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच देऊन टाकल्या, मग नवं करणार कुठे!

म्हणजे माझी कुपी त्यांनी लगेच ओळखली. मला काही बोलले नाहीत. स्वतःचं औषध स्वतः केलं, घरी बसून घेतलं, आणि त्यानंच सुधारले. खोट्या थेंबांची गरज समितीला पटावी म्हणून, माझं नाव वाचावं म्हणून, समितीत खोटं बोलले.

काकूंना फोन करून सांगितलं. औषध होतं, काकू. पाण्यावर नव्हतात तुम्ही सुखात.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग बंद कुणी केलं गं?"